बाळ रडलं का?

बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडलं की बाहेर ताटकळलेल्या आजीचा पहिला प्रश्न हाच असतो. मुलगा की मुलगी, वजन किती, हे सगळं नंतर. बाळ रडलं म्हणजे त्यानं श्वास घेतला, हे तिला पुस्तक न वाचताही ठाऊक असतं. पुढचे प्रश्न मात्र घरातल्या सगळ्यांनाच पडतात. रडलं नाही तर डॉक्टर काय करतात? रडलं, पण आता एवढा भरभर श्वास का घेतंय? काचेच्या पेटीत ठेवून नाकाला नळ्या कशासाठी लावल्यात? नुसता ऑक्सिजन दिला तर भागणार नाही का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरणार आहे. नवजात बाळाला श्वासाची मदत म्हणजे ऑक्सिजन, हा समज अपुरा आहे. बहुतेक बाळांची खरी अडचण फुप्फुसं उघडण्याची आणि उघडी राहण्याची असते. ती सोडवणारे उपाय बरेचदा साधे असतात, पण ते वेळेवर आणि बेतानं करावे लागतात.

१. पोटात असताना फुप्फुसं काय करतात?

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात. हा द्रव फुप्फुसं स्वतःच तयार करतात आणि त्याच्या दाबामुळे त्यांची वाढ नीट होते. बाळाला लागणारा ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो. फुप्फुसांना काम नसल्यानं हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम दहावा भाग तिकडे जातो. उरलेलं रक्त दोन आडवाटांनी परस्पर पुढे सरकतं.

कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं वाढतात. त्यांचा संदेश मिळताच फुप्फुसं द्रव तयार करणं थांबवून तो शोषायला लागतात. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांबरोबर हवा आत शिरते आणि उरलेला द्रव आसपासच्या ऊतींत ढकलला जातो. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि फुप्फुसांकडे जाणारं रक्त आठ ते दहा पटींनी वाढतं. आडवाटाही हळूहळू मिटू लागतात. माणसाच्या आयुष्यात इतक्या थोड्या वेळात शरीराचा इतका मोठा पालट पुन्हा कधी होत नाही.

शंभरातली सुमारे ८५ बाळं हा पालट स्वतःच पार पाडतात. आणखी दहाएक बाळं कोरडं केलं, पाठ चोळली की श्वास घेऊ लागतात. उरलेल्या मोजक्या बाळांना बाहेरून हवा द्यावी लागते. ही बाळं कोणती असणार, हे कित्येकदा आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बाळंतपणाला ही मदत करू शकणारं माणूस हजर असायलाच हवं.

२. पहिलं मिनिट

न रडणाऱ्या बाळाला पूर्वी पाय धरून उलटं धरत, पाठीत थापट्या मारत, तोंडावर गार पाणी शिंपडत. काही भागांत वार तापवत, नाकाशी कांदा धरत. यातल्या कशानंही फुप्फुसात हवा जात नाही. उलट बाळ गारठतं, त्याला इजा होऊ शकते आणि मोलाची मिनिटं वाया जातात.

आजची रीत अशी आहे. बाळाला उबदार, कोरड्या कपड्यात पुसून घ्यायचं आणि ओला कपडा लगेच बाजूला काढायचा. मान फार मागे नाही, फार पुढे नाही अशी ठेवायची, म्हणजे श्वासाची वाट सरळ राहते. तोंडा-नाकात काही अडकलं असेल तर ते काढायचं. पाठ हलक्या हातानं चोळायची. हे सगळं अर्ध्या मिनिटात. तरीही श्वास सुरू झाला नाही, तर पहिलं मिनिट संपायच्या आत अंबू बॅग हातात घ्यायची. ही एक रबरी पिशवी असते आणि तिला बाळाच्या नाका-तोंडावर नीट बसेल एवढा छोटा मास्क जोडलेला असतो. पिशवी दाबली की छाती हलकेच वर यायला हवी. ‘दाब, दोन, तीन’ अशा लयीत मिनिटाला ४० ते ६० वेळा. हवा नीट पोचते आहे याची पहिली खूण म्हणजे हृदयाचे ठोके वाढू लागतात. श्वास मागून येतो.

एवढी घाई का? ऑक्सिजन कमी पडला की बाळ आधी धडपडून श्वास घेतं, मग थांबतं. या टप्प्यावर पाठ चोळून काम भागतं. तेवढ्यात मदत मिळाली नाही तर ते पुन्हा थोडे तुटक श्वास घेऊन दुसऱ्यांदा थांबतं आणि ठोके मंदावतात. आता कितीही चोळलं तरी उपयोग नसतो, हवाच द्यावी लागते. समोरचं बाळ कोणत्या टप्प्यावर आहे हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून जगभरातले डॉक्टर या काळाला ‘सोनेरी मिनिट’ म्हणतात. भारतात २००९ साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात परिचारिकांना आणि डॉक्टरांना हेच कौशल्य शिकवलं जातं.

पिशवीत कोणती हवा? पूर्वी शुद्ध ऑक्सिजन देत. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला साउगस्टाड यांच्या गटानं १९९३ साली साध्या हवेची आणि शुद्ध ऑक्सिजनची तुलना प्रसिद्ध केली. पुढे अनेक देशांत मिळून मोठा अभ्यास झाला. पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी खोलीतली साधी हवा, जिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो, तितकंच चांगलं काम करते असं दिसलं. आता सुरुवात साध्या हवेनंच करतात. सिलिंडर नसलेल्या लहानशा आरोग्य केंद्रासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

३. श्वास मोजायचा कसा?

नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं. मोठ्या माणसाच्या मानानं हा वेग बराच जास्त असल्यानं घरचे घाबरतात. मोजताना बाळ शांत हवं, रडत किंवा दूध पीत असताना मोजू नये. अंगावरचा कपडा वर करून पोटाकडे पाहावं, कारण या वयात श्वासाबरोबर पोटच जास्त हलतं. आणि मोजायचं ते पूर्ण एक मिनिट.

पूर्ण मिनिट का, ते एका उदाहरणानं पाहू. एका बाळानं पहिल्या १५ सेकंदांत १८ श्वास घेतले. घाईनं चारनं गुणलं तर ७२ येतात, म्हणजे धोका. पण पुढे ते सहा-सात सेकंद थांबलं, मग संथपणे श्वास घेऊ लागलं आणि मिनिटाअखेर आकडा ५० झाला. बाळ ठणठणीत आहे. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू करणं ही नवजात बाळाच्या श्वासाची नेहमीची तऱ्हा आहे. ६० किंवा त्याहून जास्त आले तर थोड्या वेळानं पुन्हा मोजावं. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर डॉक्टरकडे न्यावं.

वेगासोबत आणखी तीन खुणा बघायच्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, नाकपुड्या फुगतात का, आणि श्वास सोडताना बाळ कण्हल्यासारखा आवाज करतं का. कण्हण्यामागे बाळाची एक युक्ती असते. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून ते घशाची वाट अर्धवट बंद करून थोडी हवा आत रोखून धरतं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपचार समजायला कामी येईल. पहिल्या दिवशी हात-पाय निळसर दिसले तर त्यात घाबरण्यासारखं नाही. ओठ आणि जीभ निळी पडली तर मात्र क्षणभरही थांबू नये.

४. पूर्ण दिवसांच्या बाळाला धाप का लागते?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फुप्फुसातला द्रव शोषला जायला उशीर होणं. कळा न येता सिझेरियन झालं तर संप्रेरकांचा संदेश पुरेसा मिळालेला नसतो आणि फुप्फुसं ओलीच राहतात. बाळ भरभर श्वास घेतं, पण एक ते तीन दिवसांत आपोआप निवळतं. तेवढ्या काळात ऊब, लागेल तेवढा ऑक्सिजन आणि दूध नळीनं देणं किंवा सलाइन, एवढं पुरतं. वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून केलेलं सिझेरियन ३९ आठवडे भरण्याआधी करू नये, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. मुहूर्त साधण्यासाठी आठ-दहा दिवस आधीची तारीख मागणाऱ्या कुटुंबानं हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसरं कारण लोकांच्या तोंडी असतं: ‘बाळानं पोटात शी केली आणि ते पाणी प्यायलं.’ दिवस उलटून गेले किंवा पोटात बाळाची घुसमट झाली की असं घडू शकतं. अशी बहुतेक बाळं सुखरूप असतात. थोड्यांच्या फुप्फुसात ती चिकट शी जाते. काही नळ्या बुजतात, काही भाग सुजतो. कधी कधी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैलावतच नाहीत आणि रक्त पोटातल्यासारखं आडवाटेनंच जात राहतं. तेव्हा आजार गंभीर होतो आणि व्हेंटिलेटर लागू शकतो.

तिसरं कारण जंतुसंसर्ग. पाणमोट फुटून बराच वेळ गेला असेल, आईला ताप असेल, तर ही शंका आधी घेतात. नवजात बाळात न्यूमोनिया आणि रक्तातला संसर्ग बाहेरून वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत अँटिबायोटिक सुरू करतात. याखेरीज हृदयाचे जन्मजात दोष आणि छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असणं अशी विरळ कारणंही असतात. एक्स-रे आणि सोनोग्राफीनं त्यांचा छडा लागतो.

५. दिवस कमी भरलेलं बाळ

भाजीवाल्याकडची पातळ प्लास्टिकची पिशवी आतून ओली झाली की तिचे दोन पदर एकमेकांना घट्ट चिकटतात. ते सुटे करायला जोर लागतो. एकदा पिशवी उघडली आणि तोंड थोडं उघडं ठेवलं तर पुढचं काम सोपं. पूर्ण मिटू दिली तर पुन्हा पहिल्यापासून झटापट.

फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांचं असंच असतं. त्या आतून ओल्या असतात आणि पाण्याचा ताण त्यांच्या भिंती एकमेकींकडे ओढतो. हा ताण कमी करणारा एक स्निग्ध पदार्थ फुप्फुसं तयार करतात, त्याचं नाव सरफॅक्टंट. तो साधारण २४ व्या आठवड्यापासून बनू लागतो, पण पुरेसा होतो ३४-३५ व्या आठवड्याच्या सुमाराला. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला चिकटलेली पिशवी नव्यानं उघडावी लागते. काही तासांत ते थकून जातं.

अशी बाळं का दगावतात, हे कोडं १९५९ साली सुटलं. अमेरिकेतल्या डॉ. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की या आजारानं दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंटची उणीव असते. पण कारण कळलं तरी उपाय हाती नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. बॉस्टनच्या नामांकित रुग्णालयात शर्थीचे प्रयत्न होऊनही तो ३९ तासांनी गेला. आज तेवढ्या वजनाचं, तेवढ्या दिवसांचं बाळ जिल्हा रुग्णालयातूनही सहसा हसतखेळत घरी जातं.

आपल्याकडे म्हणतात, सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांना बळच देतो आणि आठव्या महिन्यातल्या बाळाची आशा सातव्यापेक्षा जास्तच असते.

६. पाण्यातले बुडबुडे

आता कण्हणारं बाळ आठवा. ते जे स्वतः करू पाहत होतं तेच यंत्रानं करून द्यायचं, या विचारातून सीपॅप आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली ही पद्धत वापरलेल्या २० बाळांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातली १६ वाचली होती. त्या काळी हा निकाल थक्क करणारा होता.

नवजात कक्षात बबल सीपॅप जवळून पाहा. बाळाच्या नाकपुड्यांत दोन आखूड, मऊ नळ्या बसवलेल्या असतात. एका बाजूनं कोमट, दमट हवा आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण येतं. दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते आणि तिच्या टोकातून बुडबुडे येत राहतात. नळी पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवली तर दाब पाच सेंटिमीटर पाण्याएवढा. सहा बुडवली तर सहा. श्वास बाळच घेतं. दाब फक्त एवढंच बघतो की श्वास सोडल्यावर पिशव्या पूर्ण मिटणार नाहीत. बुडबुडे थांबले की परिचारिका लगेच बाळाकडे धावते, कारण कुठेतरी हवा गळते आहे.

तेवढ्यानं भागलं नाही तर सरफॅक्टंटच बाहेरून देतात. १९८० साली जपानच्या डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून बनवलेलं सरफॅक्टंट दहा बाळांना दिलं आणि बाळं झपाट्यानं सुधारली. आजही ते गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून मिळवतात आणि बारीक नळीनं थेट श्वासनलिकेत सोडतात. त्यानंतर शक्य तितक्या लवकर बाळाला पुन्हा सीपॅपवर आणतात.

व्हेंटिलेटर ही शेवटची पायरी. तो जीव वाचवतो, पण नाजूक फुप्फुसांना इजाही करू शकतो, म्हणून गरज संपताच काढतात. फार कमी दिवसांच्या बाळांचा मेंदू कधी कधी श्वास घ्यायलाच विसरतो. २० सेकंदांहून जास्त काळ श्वास थांबला, किंवा त्याहून कमी वेळात ठोके मंदावले, तर त्याला ॲप्निया म्हणतात. त्यावर कॅफीनचं औषध देतात. कॉफीत असतं तेच कॅफीन मेंदूतल्या श्वासकेंद्राला जागं ठेवतं.

७. ऑक्सिजन: औषधासारखा, मोजून

१९४० च्या दशकात कमी दिवसांच्या बाळांना सढळ हातानं ऑक्सिजन देऊ लागले आणि हजारो मुलं आंधळी झाली. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. जास्त ऑक्सिजनमुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या बिघडतात. मग ऑक्सिजन फार कमी केला, तर बाळं दगावू लागली.

हा तोल सांभाळायला मदत झाली ती रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची. त्याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. कमी दिवसांच्या, ऑक्सिजनवर असलेल्या बाळाच्या रक्तातली ऑक्सिजनची मात्रा साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. म्हणून ‘९३ च का, १०० का नाही’ असं विचारणाऱ्या वडिलांना ‘एवढाच हवा’ असं परिचारिका सांगते ते बरोबर असतं. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे ३० दिवसांचं होण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. वेळेत लेसर किंवा इतर उपचार केले तर दृष्टी वाचते.

८. जन्माआधी सुरू होणारा उपचार

१९७२ साली न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी दाखवलं की लवकर बाळंत होण्याची चिन्हं दिसताच आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. भारतात डेक्सामेथासोन वापरतात: ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी. सोमवारी सकाळी आठला पहिला दिला तर मंगळवारी रात्री आठला चौथा. पुरा परिणाम दिसायला साधारण एक दिवस लागतो, म्हणूनच ‘कळा थांबतात का बघू’ म्हणत घरी काढलेली रात्र महागात पडते.

भारतासह पाच देशांत झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही इंजेक्शनं मिळालेल्या मातांची १९.६ टक्के बाळं २८ दिवसांच्या आत दगावली. न मिळालेल्यांची २३.५ टक्के. म्हणजे दर २५ मातांमागे एक बाळ जास्त वाचलं. त्याआधी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, नागपूर आणि बेळगाव परिसराचाही सहभाग असलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र गावपातळीवर सरसकट इंजेक्शनं देऊन फायदा दिसला नाही, उलट बाळांचे मृत्यू थोडे वाढले. दोन्ही मिळून सांगतात ते हे: आठवडे नक्की ठाऊक असावेत, आईला संसर्ग नसावा आणि जन्मलेल्या बाळाला सांभाळणारी जागा जवळ असावी. एकटं इंजेक्शन पुरेसं नसतं.

९. घरी आल्यावर

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे एक अडचण होती: गावातल्या अनेक सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांनी एक साधं उपकरण बनवलं. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर श्वास जलद आहे. पुढे त्यांच्या आरोग्यदूतांनी घराघरांत जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, अंबू बॅगही वापरली. ३९ गावांतल्या या कामानं नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. आज आशाताई बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्या पद्धतीमागे हाच अनुभव आहे.

घरच्यांनी काय करावं? बाळाला छातीशी, त्वचेला त्वचा लावून उबदार ठेवावं; गारठलेल्या बाळाला जास्त ऑक्सिजन लागतो. न्हाऊ घालताना नाकात तेल सोडू नये, ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. बंद खोलीत ओवा-धूपाची धुरी देऊ नये. धाप लागलेल्या बाळाला गुटी किंवा चमच्यानं काही पाजू नये आणि पोटावर डाग तर कधीच देऊ नये. शिंका, उचकी, नाकातली घरघर यांची काळजी नको. पण मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, आत ओढली जाणारी छाती, कण्हणं, निळे ओठ, दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं तर १०२ किंवा १०८ ला फोन करून बाळाला एसएनसीयूत, म्हणजे सरकारी विशेष नवजात काळजी कक्षात न्यावं. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार आणि वाहन मोफत असतात.

आणि याहूनही आधी, गरोदरपणाची नाव-नोंदणी करतानाच तीन गोष्टी विचारून ठेवाव्यात. बाळंतपण होईल तिथे अंबू बॅग आणि ती चालवणारं माणूस रात्रीही असतं का? दिवस भरण्याआधी कळा आल्या तर स्टिरॉइडचं इंजेक्शन कुठे मिळेल? आणि कमी दिवसांचं बाळ झालं तर सर्वांत जवळचं एसएनसीयू कोणतं? उत्तरं समाधानकारक नसतील तर बाळंतपणाची जागा बदलायला तेव्हा अजून भरपूर वेळ हातात असतो.